ज्याचे त्याचे घर

प्रस्तावना

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आपण अनेकदा ऐकतो. ती माणसांना लावली जाते आणि जनावरांनाही. मारका बैल, लाथा झाडणारी म्हैस, अंगावर येणारे कुत्रे यांच्याविषयी बोलताना ती हमखास आठवते. प्राण्यांच्या आश्रयगृहात असे एखादे कुत्रे असते. लोक येतात, शांत आणि देखणी कुत्री पाहतात, पिल्ले उचलून घेतात. कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या किंवा जाळीवर धावून येणाऱ्या त्या कुत्र्यासमोरून मात्र पुढे निघून जातात. त्याचे काय करावे? त्याला कोणाच्या घरी द्यावे, की देऊच नये?

सुमारे दोन दशकांपूर्वी अमेरिकेत हा प्रश्न एका न्यायालयापुढे आला. त्या प्रकरणाची हकीकत या पाठात दिली आहे. पाठ वाचल्यानंतर कुत्र्याच्या आक्रमकतेमागे भीती कशी असते, आश्रयगृहातील कुत्र्याची पारख कशी करतात आणि त्याच्यासाठी घर निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात, हे आपल्याला सांगता येईल.

मूनलाइट रोडवरील धाड

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हर्जिनिया राज्यात सरी नावाचा ग्रामीण परगणा आहे. २५ एप्रिल २००७ रोजी पोलिसांनी तेथील मूनलाइट रोडवरील एका मालमत्तेची झडती घेतली. झडती होती अमली पदार्थांच्या संशयावरून. हाती लागले ते वेगळेच. घराच्या मागे काळ्या रंगाने रंगवलेल्या शेड होत्या आणि झाडीत, जमिनीत पुरलेल्या मोटारींच्या आसांना साखळदंडांनी बांधलेले कुत्रे होते. त्यांत सुमारे पन्नास पिट बुल जातीचे होते. येथे कुत्र्यांच्या झुंजींचा धंदा चालत असे. हरलेले किंवा झुंजायला नाखूश असलेले कुत्रे ठार मारले जात.

ही मालमत्ता मायकेल व्हिक या नामांकित खेळाडूची होती. अटलांटा फाल्कन्स या संघाकडून तो अमेरिकन फुटबॉल खेळत असे. ऑगस्ट २००७ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि डिसेंबरमध्ये त्याला २३ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. (भारतातही प्राण्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.)

माणसांचा निकाल लागला. कुत्र्यांचा लागायचा होता. कायद्याच्या दृष्टीने ते जप्त केलेला माल होते, पुरावा होते. तोपर्यंतचा रिवाज असा, की खटला संपला की झुंजीतील कुत्र्यांना मारून टाकायचे. त्यांच्या रक्तातच हिंसा आहे, ते कधीही उलटतील, असे मानले जाई. प्राण्यांच्या भल्यासाठी झटणाऱ्या काही मोठ्या संस्थांचेही या कुत्र्यांबद्दल हेच मत होते. म्हणीचा अर्थ येथे अक्षरशः घेतला जात होता.

एकोणपन्नास कुत्रे, एकोणपन्नास निकाल

न्यायालयाने मात्र घाई केली नाही. सप्टेंबर २००७ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या जाणकारांचे एक पथक व्हर्जिनियात गेले आणि वेगवेगळ्या सरकारी आश्रयगृहांत ठेवलेल्या ४९ कुत्र्यांची त्याने एकेक करून पाहणी केली. पाहणीची रीत साधी होती. अनोळखी माणूस जवळ गेला तर कुत्रे काय करते? अंगावरून हात फिरवला तर? खाणे चालू असताना लांब दांड्याला लावलेल्या कृत्रिम हाताने भांडे ओढले तर? लहान मुलाच्या आकाराची बाहुली समोर आणली तर? आणि अखेरीस, दुसरे कुत्रे दिसले तर?

पथकाला चवताळलेली जनावरे भेटतील अशी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बरेचसे कुत्रे जमिनीला इतके चिकटून पडले होते, की पाहणाऱ्यांनी त्यांना पॅनकेकची, म्हणजे आपल्याकडील घावनाची उपमा दिली. काही थरथरत होते. काही हात लावताच डोळे मिटून घेत. काही, विशेषतः तरुण असलेले, नुसतेच दांडगट होते. त्यांना कोणी काही शिकवलेच नव्हते. काहींना माणसे चालत, पण दुसरे कुत्रे चालत नव्हते. तर काहींना दुसऱ्या कुत्र्याचीच सोबत असली म्हणजे धीर येई.

माणसांशी अत्यंत आक्रमक असलेली एक कुत्री या पाहणीत आढळली; तिला दयामरण देण्यात आले. आणखी एका कुत्र्याला आजारपणामुळे तसेच निरोप द्यावा लागला. उरले ४७. त्यांच्यासाठी न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये एक पालक नेमला, हे या प्रकरणातील सर्वांत अनोखे पाऊल. रेबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिका होत्या. कोणता कुत्रा कोठे जावा हे सुचवण्याचे काम त्यांच्याकडे आले. कुत्रे मागणाऱ्या संस्थांना त्यांनी आपली माहिती लेखी द्यायला लावली: या जातीचा अनुभव किती, जागा कशी आहे, विमा आहे का, कुत्रा घरी देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर संस्था काय करणार. अखेर कुत्रे आठ संस्थांकडे वाटले गेले. व्हिकने त्यांच्या देखभालीसाठी सुमारे ९,२८,००० डॉलर भरावेत, असेही ठरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रश्न 'या कुत्र्यांचे काय करावे' असा होता, तोपर्यंत त्याला एकच उत्तर होते. 'या कुत्र्याचे काय करावे' असा तो विचारला गेला आणि उत्तरे अनेक झाली. कोणाला तात्पुरत्या पालकांच्या घरी पाठवावे, कोणाला आधी दीर्घ काळ संस्थेत ठेवावे, कोणाला जन्मभर तेथेच राहू द्यावे, अशी प्रत्येकासाठी निराळी शिफारस झाली.

पाठगत प्रश्न
१. झुंजीतील कुत्र्यांविषयी तोपर्यंत कोणता रिवाज होता?
२. पाहणीच्या वेळी लहान मुलाच्या आकाराची बाहुली का वापरली असेल?

गुरगुरण्याचा अर्थ

आक्रमक कुत्रा म्हणजे धीट कुत्रा, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतेक वेळा खरा नसतो. घाबरलेल्या प्राण्यापुढे तीन वाटा असतात: पळणे, गोठून जाणे किंवा समोरच्याला पळवून लावणे. साखळीला किंवा पिंजऱ्यात अडकलेल्या कुत्र्याची पहिली वाट बंद असते. एकदा दात दाखवल्यावर माणूस मागे हटला, की हा उपाय लागू पडतो हे त्याला कळते, आणि पुढच्या वेळी तो दात लवकर दाखवतो. बाहेरून पाहणाऱ्याला हाच क्रम 'खोड' म्हणून दिसतो.

चावण्याआधी कुत्रे बहुधा पुष्कळ बोलते. ते तोंड फिरवते, भूक नसताना जिभल्या चाटते, झोप आलेली नसताना जांभई देते, शेपूट पोटाशी घेते, कान मागे पाडते. डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठरते. त्यानंतर येते गुरगुरणे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणारा मालक त्याची भीती घालवत नाही, फक्त सूचना देण्याची त्याची सवय मोडतो. असे कुत्रे मग सूचना न देता चावते आणि लोक म्हणतात, 'काही कारण नसताना चावले!'

भीती कमी करण्याचा मार्ग संथ असतो. समजा, कुत्र्याला टोपी घातलेल्या पुरुषांची भीती वाटते. असा माणूस ज्या अंतरावर दिसूनही कुत्रे अस्वस्थ होत नाही, तेथून सुरुवात करायची. तो दिसला की कुत्र्याच्या पुढ्यात त्याच्या आवडीचा घास पडला पाहिजे; तो गेला की घास बंद. काही दिवसांनी अंतर थोडे कमी करायचे. कुत्रे बिचकले तर चूक शिकवणाऱ्याची. त्याने पुन्हा मागे सरकायचे. यात नवल काहीच नाही, आणि म्हणूनच हे काम कंटाळवाणे आहे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. ते ताक गार आहे हे त्याला शेकडो वेळा पटवून द्यावे लागते. दरडावणे, साखळी हिसकणे, जमिनीवर दाबून धरणे हे उपाय झटपट वाटतात. दाबलेले कुत्रे गप्प होते, परंतु गप्प होणे आणि निर्धास्त होणे यांत फरक आहे.

कॅनॅबचे पाहुणे

सर्वांत बिकट समजले गेलेले २२ कुत्रे जानेवारी २००८ मध्ये युटा राज्यातील कॅनॅब गावाजवळ असलेल्या 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेच्या मोठ्या आश्रमात पोहोचले. तेथील सेवक सुरुवातीला त्यांच्या सोबतीला रात्रीही राहत. प्रत्येक कुत्र्याची भीती, आत्मविश्वास, माणसांशी जवळीक, जगण्यातला आनंद यांची अंकांत नोंद ठेवली जाई. असल्या नोंदी कोणाला कागदी उपद्व्याप वाटतील. परंतु माया करणाऱ्या माणसाला 'आज बरा आहे हो' असे नेहमीच वाटत असते. प्रगती खरोखर होते आहे की नाही, हे वहीच सांगते.

या कुत्र्यांत जॉर्जिया नावाची कुत्री होती. तिच्या तोंडात एकही दात उरलेला नव्हता. तिच्यापासून पुष्कळ पिल्ले काढून घेण्यात आली होती. त्या काळात तिने चावू नये म्हणून दात उपटले गेले असावेत, असा जाणत्यांचा तर्क आहे. ल्यूकस हा झुंजींत जिंकत आलेला, अंगावर जखमांच्या खुणा असलेला कुत्रा माणसांशी अतिशय प्रेमळ होता. मेरिल ही कुत्री ओळखीच्या सेवकांवर जीव टाकी, अनोळखी माणसावर मात्र धावून जाई. ल्यूकस आणि मेरिल यांनी आश्रमाबाहेर कधीच जाऊ नये, असा न्यायालयाचा आदेश होता. ते दोघे अखेरपर्यंत तेथेच राहिले. सेवकांच्या सहवासात, ठरावीक माणसांच्या वर्तुळात मेरिलचे दिवस सुखात गेले. तिला घर मिळाले नाही असे म्हणता येईल. तिचे घर तेच होते, असेही म्हणता येईल.

घर निवडताना

उरलेल्या कुत्र्यांना घरी पाठवणे सोपे नव्हते. कॅनॅबहून घरी जाण्यापूर्वी कुत्र्याला 'कनाइन गुड सिटिझन' ही अमेरिकेतील प्रसिद्ध परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे. तिच्या दहा कसोट्या आहेत. अनोळखी माणसाने मालकाशी हस्तांदोलन केले तरी शांत राहणे, गर्दीतून पट्टा न ताणता चालणे, हाक मारताच येणे, दुसरे कुत्रे दिसले तरी न उसळणे, मालक नजरेआड झाल्यावर तीन मिनिटे परक्यापाशी थांबणे, अशा त्या आहेत. घेणाऱ्या कुटुंबाचीही चौकशी होई आणि पहिले सहा महिने कुत्रे केवळ तात्पुरते म्हणून त्यांच्याकडे राही.

असे कुटुंब निवडताना केवळ त्यांचा चांगुलपणा पाहून चालत नाही. प्रेमळ, सुखवस्तू, मोठे अंगण असलेले घरही एखाद्या कुत्र्यासाठी चुकीचे ठरते. ज्या घरात दिवसभर पाहुण्यांची वर्दळ, तेथे परक्यांना बिचकणारे कुत्रे सतत काठावर जगेल. दुसऱ्या कुत्र्यांशी न पटणारे कुत्रे एकट्या राहणाऱ्या माणसाच्या लहानशा सदनिकेत आनंदात राहू शकते. उलट, काही भित्री कुत्री एकुलती एक म्हणून ठेवली तर खंगतात. घरातले जुने, शांत कुत्रे जे करील ते पाहून ती जगायला शिकतात. हँडसम डॅन हा कॅनॅबचा कुत्रा माणसांना अतिशय घाबरे. २००९ मध्ये तो ऱ्होड आयलंड राज्यातील एका कुटुंबात गेला. पुढे त्या घरात मूल जन्माला आले आणि मोठ्या माणसांपासून दूर राहणारा डॅन त्या मुलीच्या सोबतीत रमला.

तशीच गोष्ट जॉनीची. 'बॅड रॅप' या कॅलिफोर्नियातील संस्थेने दहा कुत्रे स्वीकारले होते. जॉनी त्यांतला एक. घरात राहण्याचा त्याला अनुभव नव्हता, जिनासुद्धा त्याला नवा होता. सान फ्रान्सिस्कोतील त्याच्या पालकांनी त्याला खाणे, फिरणे, झोपणे यांचे काटेकोर वेळापत्रक घालून दिले. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या कुत्र्याची निम्मी भीती आपोआप जाते. एकदा रस्त्यात मुलांनी त्याला गराडा घातला आणि पालकांच्या ध्यानात आले, की मुलांमध्ये तो खुलतो. पुढे तो ग्रंथालयात जाऊ लागला. वाचताना अडखळणारी मुले त्याच्याशेजारी बसून मोठ्याने वाचत. चुकले तर हसणारे तेथे कोणी नसे. २०१४ मध्ये अमेरिकेतील प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थेने त्याला वर्षातील सर्वोत्तम श्वान म्हणून गौरवले. ही त्याची आवड पाहणीच्या कागदांवरून आधी कोणालाही कळली नसती. घरात ठेवून, पाहून, वाट बघूनच ती कळली.

आश्रयगृहाच्या बाजूने सर्वांत अवघड गोष्ट असते खरे बोलणे. कुत्रे लवकर घरी जावे म्हणून 'थोडा लाजाळू आहे' एवढेच सांगण्याचा मोह होतो. लग्न जुळवताना स्थळाचे दोष झाकणाऱ्या मध्यस्थासारखेच हे आहे. कुत्रे खाताना जवळ गेलेले चालत नाही, सायकल पाहून उसळते, एकदा चावलेले आहे, हे सगळे घेणाऱ्याला आधीच माहीत हवे. ऐकून दहांतली नऊ कुटुंबे माघार घेतील. घेऊ द्यावी. दहावे कुटुंब जाळीचे कुंपण घालील, पाहुणे आले की कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवील, नातवंडे येणार असतील तर आधी फोन करून सल्ला विचारील. नव्या घरी पहिल्या काही दिवसांत कुत्रे दबून राहते आणि 'किती गुणी आहे' असे वाटते. त्याचे खरे वागणे काही आठवड्यांनंतर दिसू लागते. नेमक्या त्या वेळी संस्थेचा आधार लागतो. तो नसला, तर कुत्रे परत येते, आणि परत आलेल्या कुत्र्यावरचा शिक्का अधिक गडद होतो.

जे साधले आणि जे साधले नाही

या प्रकरणावर टीकाही झाली. इतका पैसा आणि इतकी माणसे ४७ कुत्र्यांवर खर्ची पडली. तेवढ्यात किती साध्यासुध्या कुत्र्यांना घरे मिळाली असती, असे विचारले गेले. प्रश्न गैर नाही. जागा नाही म्हणून निरोगी, शांत कुत्रीही मारली जातात, हे अमेरिकेतील आश्रयगृहांचे जुने दुखणे आहे. कॅनॅबसारखा आश्रम चालवणे थोड्यांनाच परवडेल. मात्र प्रत्येक कुत्रे स्वतंत्रपणे पाहणे, वहीत नोंद ठेवणे आणि घेणाऱ्याला खरे सांगणे याला फारसा पैसा लागत नाही.

सगळे प्रयत्न करूनही यश मिळेलच असे नसते. मेरीलँड राज्यातील एका कुटुंबात गेलेली जॅस्मिन ही कुत्री महिनोन्‌महिने आपल्या पिंजऱ्याबाहेर येत नसे. दार उघडे असले तरी आतच पडून राही. त्या घराने तिच्यावर कसलीही घाई लादली नाही. हळूहळू ती बाहेर येऊ लागली, अंगणात फिरू लागली. डिसेंबर २००८ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या खेळांच्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र झळकले. पुढच्याच वर्षी ती घराबाहेर निसटली आणि मोटारीखाली सापडून मरण पावली. भित्र्या कुत्र्याच्या घराला दुहेरी फाटक असावे, बाहेर नेताना गळपट्ट्याबरोबर अंगाला बसणारा पट्टाही असावा, असे जाणते लोक का सांगतात, हे अशा वेळी कळते.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या विल्क्स परगण्यात झुंजींच्या प्रकरणातून जप्त केलेले शंभराहून अधिक कुत्रे मारण्यात आले. त्यांत पिल्लेही होती. त्यांची स्वतंत्र पाहणी झाली नाही. त्यावरून देशभर संताप उसळला. झुंजीतील कुत्र्यांना मारून टाकावे असे पूर्वी म्हणणाऱ्या 'ह्युमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स' या संस्थेने त्या वर्षी आपले धोरण बदलले आणि अशा प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र पाहणी व्हावी, अशी भूमिका घेतली.

मूनलाइट रोडवरून सुटलेल्या कुत्र्यांपैकी फ्रोडो हा सर्वांत शेवटपर्यंत जगला. पोलिसांची धाड पडली तेव्हा तो काही महिन्यांचे पिल्लू होता. पुढचे अर्धे वर्ष त्याने आश्रयगृहाच्या बंद खोलीत काढले आणि त्या एकांताची भीती त्याच्या मनातून पुरती कधीच गेली नाही. ती गृहीत धरूनच कॅलिफोर्नियातील एका कुटुंबाने त्याला सांभाळले. डिसेंबर २०२१ मध्ये, सुमारे पंधरा वर्षांचा होऊन, तो त्याच घरी वारला.

शब्दार्थ

आश्रयगृह : बेवारस किंवा सोडून दिलेल्या प्राण्यांना ठेवण्याची जागा
दयामरण : वेदना न होता दिलेले मरण
नाखूश : तयार नसलेला
उपद्व्याप : नसता खटाटोप
काठावर जगणे : सतत ताणाखाली असणे
सदनिका : मोठ्या इमारतीतील राहण्याची जागा

पाठान्त प्रश्न

१. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला शिक्षा का करू नये, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. 'तिला घर मिळाले नाही असे म्हणता येईल. तिचे घर तेच होते, असेही म्हणता येईल.' मेरिलविषयीच्या या दोन मतांपैकी आपल्याला कोणते पटते? का?
३. आपल्या परिसरातील एखाद्या भित्र्या किंवा रागीट कुत्र्याचे आठवडाभर दुरून निरीक्षण करा. ते केव्हा, कोणाला पाहून आणि किती अंतरावरून बिचकते, याची रोज दोन ओळींत नोंद करा.